‘सेट’चा गोतावळा : प्रस्तावना

इंग्रजीशी फारसा संबंध न आलेल्या माणसाच्या बोलण्यातही ‘सेट’ हा शब्द सहज येऊन जातो. पाहुणे आले की कपाटातला कपबश्यांचा सेट बाहेर निघतो. मोबाइलवर पहाटेचा गजर सेट होतो. गोरेगावच्या चित्रनगरीत मालिकेचा सेट उभा राहतो, फ्रिजमध्ये जेली सेट होते, टेनिसपटू पहिला सेट हरून दुसरा जिंकतो आणि पुण्यात नोकरी लागलेला भाचा ‘आता अगदी सेट झालाय’ असे मामा कौतुकाने सांगतो. यातला प्रत्येक ‘सेट’ आपल्याला न अडखळता कळतो. मात्र कपबश्यांचा गजराशी किंवा जेलीचा भाच्याशी संबंध काय, असे कोणी विचारले तर उत्तर चटकन सुचत नाही. पुढील पाने त्या प्रश्नासाठी आहेत.

एका शब्दाला अनेक अर्थ असण्याला आपण अनेकार्थता म्हणतो. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ मध्ये या गोष्टीला ‘पॉलिसेमी’ हे नाव दिले आणि युरोपात तिचा स्वतंत्र अभ्यास रुजला. आपल्याकडे ही जाण त्याआधी कितीतरी शतके होती. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात अनेकार्थी शब्दांसाठी नानार्थवर्ग राखून ठेवलेला आहे. ‘सैंधव आण’ हे शास्त्रकारांचे आवडते उदाहरण. पानावर बसलेला माणूस असे म्हणाला तर मीठ आणायचे आणि प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. तेव्हा मराठी वाचकांनी या विषयाकडे परक्या अंगणातून डोकावल्यासारखे पाहू नये. विषय घरचाच आहे. फक्त या वेळी उदाहरण इंग्रजीतून घेतले आहे.

ते ‘सेट’च का? ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत निघाली. तीत सर्वांत लांब नोंद कोणत्याही भारदस्त शब्दाची नव्हती. ती होती ‘सेट’ या क्रियापदाची : सुमारे ६०,००० शब्दांची, ४३० हून अधिक अर्थ सांगणारी. पुढे सुधारित आवृत्तीचे काम सुरू झाल्यावर ‘रन’ने ‘सेट’ला मागे टाकले, त्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले. पण या शर्यतीपेक्षा त्यामागची गोष्ट महत्त्वाची आहे. अवघड, पंडिती शब्दांचे अर्थ थोडे आणि नेमके असतात. लहान मुलाच्याही तोंडी असलेले शब्दच कोशकाराला घाम फोडतात. जो शब्द रोज वापरात असतो, तोच नव्या कामाला जुंपला जातो.

या कोशाची पहिली आवृत्ती कशी तयार झाली, हेही नवख्या वाचकाने जाणून घ्यावे. १८७९ मध्ये जेम्स मरे संपादक झाले आणि त्यांनी इंग्रजी वाचणाऱ्या सर्वांना आवाहन केले : पुस्तके वाचा, एखाद्या शब्दाचा वापर लक्षणीय वाटला तर ते वाक्य चिठ्ठीवर उतरवा, खाली पुस्तकाचे नाव, साल आणि पान लिहा आणि चिठ्ठी पाठवून द्या. अशा लाखो चिठ्ठ्या मरे यांच्या बागेतल्या पत्र्याच्या खोलीत जमा झाल्या. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये. ‘सेट’ ज्या भागात येतो, त्याचे संपादक हेन्री ब्रॅडली हे शेफील्डच्या एका सुऱ्या-कात्र्यांच्या पेढीत वीसेक वर्षे कारकुनी केलेले गृहस्थ होते. अनेक भाषा त्यांनी स्वतःच्या बळावर आत्मसात केल्या होत्या. कोशातले अर्थ म्हणजे कोणा विद्वानाने ठरवून दिलेले नियम नव्हेत. माणसांनी शब्द कसा वापरला, याच्या साक्षी गोळा करून ते मांडलेले असतात.

आता प्रत्यक्ष शब्दाकडे वळू. ‘सेट’ या एका उच्चाराखाली मुळात दोन वेगळी घराणी नांदतात. क्रियापद जुन्या जर्मानिक घराण्यातले. ‘सिट’ म्हणजे बसणे, आणि ‘सेट’ हे त्याचे प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. जर्मन भाषेतले ‘झेत्सेन’ हे त्याचे सख्खे भावंड. या शब्दांमागे जो प्राचीन धातू आहे, तोच संस्कृतात ‘सद्’ या रूपाने येतो. संसद, परिषद, सभासद, उपनिषद हे सगळे त्या बसण्यातून आलेले. समूह या अर्थाचे नाम मात्र लॅटिनमधल्या ‘सेक्ता’वरून, जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत उतरले. सेक्ता म्हणजे एकामागे चालणारा अनुयायांचा गट. पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ त्याच मुळाचा. या ‘मागे जाणे, सोबत असणे’ अर्थाच्या धातूचे संस्कृत रूप ‘सच्’, आणि त्यावरूनच सोबती या मूळ अर्थाचा आपला ‘सचिव’ आला. म्हणजे ‘सेट’च्या एका घराण्याचा नातलग संसदेत बसतो आणि दुसऱ्याचा मंत्रालयात. इंग्रजीत ही दोन्ही घराणी उच्चाराने इतकी एकरूप झाली की त्यांचे अर्थही एकमेकांत मिसळत गेले.

मराठी वाचकाला इथे एक सोय आपोआप मिळते. इंग्रजीत जे एकत्र झाले, ते मराठीत बहुतेक ठिकाणी वेगळेच राहिले आहे. क्रियापदाच्या घराण्यासाठी आपल्याकडे ‘बसवणे’ आहे, तर नामाच्या घराण्यासाठी ‘संच’. चहाचा संच, दूरचित्रवाणी संच, शाळेच्या गणितातला संच, ‘मूळ संचात’ होणारे नाटक या सर्वांत सुट्या गोष्टी मिळून झालेल्या एका समूहाची कल्पना आहे. रेडिओला ‘सेट’ का म्हणायचे, हेही त्यातून उलगडते : तो सुट्या यंत्रभागांचा जमवलेला समूह. शेक्सपिअरच्या ‘हेन्री पाचवा’ या नाटकातही येणारा टेनिसचा सेट म्हणजे डावांचा समूह. गणितात गेओर्ग कँटोर यांनी १८७४ पासून ज्या कल्पनेची पायाभरणी केली, तिला त्यांच्या जर्मनमध्ये ‘मेंगे’ म्हणत. इंग्रजीत तिच्यासाठी काही काळ ‘ॲग्रिगेट’ हा शब्दही वापरला जाई. अखेर ‘सेट’ टिकला.

क्रियापदाच्या बाजूला गंमत आणखी वाढते. इंग्रज सोनार अंगठीत हिरा ‘सेट’ करतो, आपला सोनार तो कोंदणात बसवतो. डॉक्टर मोडलेले हाड सेट करतात, आपण हाड बसवून घेतो. कोंबडीला अंड्यांवर सेट करतात, आपण खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवतो. सूर्य सेट होतो, कारण तो खाली जाऊन ‘बसतो’. मराठीत सूर्य मावळत असला तरी धूळ बसते, गाळ बसतो, फुगलेला केकही बसतो. पक्ष्याचा वास येताच दबून बसणारा शिकारी कुत्रा म्हणजे ‘सेटर’. आणि तो भाचा? त्याचा जम बसला. ‘बसणे’ हे क्रियापद ‘सद्’पासून आलेले नाही. ते ‘उपविश्’पासून प्राकृतमार्गे आले. धातू निराळा, भाषा निराळी, तरी बसवण्याच्या कल्पनेतून फुटलेल्या वाटा इतक्या सारख्या आहेत. बसणे म्हणजे हालचाल थांबून एका जागी ठरणे, हा अनुभव माणसाच्या शरीराचा आहे, आणि अनेक अर्थ तिथूनच निघतात.

एखादा अर्थ जवळून पाहायचा असेल, तर सिमेंट हे चांगले उदाहरण आहे. प्रयोगशाळेत सिमेंटमध्ये पाणी मिसळले की घड्याळ सुरू होते. तो लगदा साच्यात भरून त्यावर विकाट उपकरणाची बारीक सुई सोडतात. आरंभी ती लगद्यातून थेट तळाशी जाते. मग काही वेळाने ती तळाच्या थोडे वर अडते. तेव्हा प्राथमिक ‘सेटिंग’ झाले असे धरतात. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी भारतीय मानकानुसार ही वेळ ३० मिनिटांच्या आत येता कामा नये आणि अंतिम सेटिंगला ६०० मिनिटांहून अधिक लागता कामा नयेत. ते फार लवकर होऊ नये म्हणून सिमेंट दळतानाच त्यात जिप्सम घालतात. अभियंता इथे आणखी एक भेद करतो. सेट होणे म्हणजे ओलेपणाची लवचीकता जाणे. बळकटी त्यानंतर दिवसेंदिवस येत राहते, आणि तिला वेगळा शब्द आहे. रोजच्या बोलण्यातला सैल शब्द एखाद्या व्यवसायात गेला की मिनिटांत मोजता येईल इतका काटेकोर होतो, हे या उदाहरणातून दिसते.

मग एक शंका येईल. सेट होणे म्हणजे स्थिर होणे, तर ‘सेट आउट’, ‘सेट सेल’ यांचा अर्थ निघणे, प्रयाण करणे कसा? उत्तर मधल्या पायरीत आहे. शीड वाऱ्याच्या दिशेने नीट बसवले की जहाज निघते. बसवण्याची क्रिया शिडाची आणि प्रस्थान जहाजाचे. पण दोन्ही गोष्टी नेहमी पाठोपाठ घडत असल्याने शब्द पहिलीवरून दुसरीवर सरकला. वाचकांनी दोन टोकांचे अर्थ शेजारी ठेवून विस्मय करण्यापेक्षा अशी मधली पायरी शोधावी. शब्दाने अर्थांमध्ये लांब उडी मारल्याचे उदाहरण क्वचितच सापडते. बहुतेक वेळा तो शेजारच्या घरी जातो, तिथून पुढच्या. अर्थ पाठ करण्यापेक्षा त्यांचा हा प्रवास पाहणे, हे या अभ्यासाचे खरे सुख आहे.

अर्थांच्या संख्येविषयीही थोडा सावधपणा हवा. ४३० हा आकडा संपादकाने जिथे जिथे रेषा मारल्या, त्यांची बेरीज आहे. दुसरा कोशकार त्याच सामग्रीतून चाळीसच अर्थ काढील आणि तोही चूक ठरणार नाही. रेषा कुठे मारावी, यासाठी अभ्यासक एक सोपी कसोटी वापरतात. ती तुम्ही मराठीतच करून पाहा. ‘काकांनी फरशी आणि खिडकी बसवली’ हे वाक्य सरळ वाटते. ‘काकांनी फरशी आणि एकांकिका बसवली’ म्हटले की हसू येते. जिथे हसू येते, तिथे बहुधा अर्थाची सीमा ओलांडलेली असते.

या क्षेत्रात पहिले पाऊल टाकणाऱ्या वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, कोश कोणत्या क्रमाने रचला आहे ते आधी पाहावे. ऐतिहासिक कोशात पहिला अर्थ सर्वांत जुना असतो, तर विद्यार्थ्यांसाठीच्या कोशात बहुधा सर्वांत प्रचलित. पहिल्या अर्थाला ‘खरा’ अर्थ समजून पुढच्यांना दुय्यम मानण्याची घाई करू नये. दुसरी, व्याख्येआधी उदाहरणे वाचावीत. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, या विचाराचे विसाव्या शतकातले प्रसिद्ध पुरस्कर्ते जे. आर. फर्थ हे तरुणपणी लाहोरला अध्यापन करत होते. त्यांच्याही कितीतरी आधी भर्तृहरींनी ‘वाक्यपदीया’त साहचर्य, विरोध, प्रकरण अशी अर्थनिश्चितीची साधने मांडून ठेवली आहेत. ‘हरि’ म्हणजे विष्णू, सिंह, वानर की घोडा, हे शेजारचा शब्द ठरवतो.

हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिलेला नाही. यंत्राने भाषांतर करावे ही कल्पना मांडताना वॉरन वीव्हर यांनी १९४९ मध्येच ही अडचण ओळखली होती : एकच शब्द उघडा ठेवून बाकी पान झाकले, तर अर्थ कळणार नाही, दोन्ही बाजूंचे काही शब्द दिसू दिले, तर कळेल. आज मुंबईच्या आयआयटीत मराठीसाठी तयार झालेले ‘शब्दबंध’ हे शब्दजाळे याच वाटेवरचे काम आहे. यंत्राला ‘नाटक बसले’ आणि ‘नाटक आपटले’ यांतला फरक शिकवायचा, तर आधी तो आपल्याला नीट सांगता यायला हवा.

शेवटी एक सुचवतो. ‘सेट’ आपल्याकडे येऊन नुसता पाहुणा राहिलेला नाही. ‘त्याची साहेबांकडे सेटिंग आहे’ या वाक्यातला आडून साधलेल्या संधानाचा अर्थ मराठी माणसांनी त्याला इथेच दिला आहे. असे वापर टिपणारी माणसे हवी आहेत. मोल्सवर्थचा १८५७ चा सुधारित कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शेजारी ठेवा, ‘बसणे’, ‘लागणे’, ‘येणे’ यांपैकी एखादी नोंद सावकाश वाचा आणि तुमच्या घरात, गावात, कामाच्या जागी ऐकू येणारा पण तिथे न सापडलेला वापर वाक्यासह लिहून ठेवा. खाली जागा आणि तारीख घाला. ऑक्सफर्डच्या कोशासाठी चिठ्ठ्या पाठवणाऱ्या बहुतेकांकडे वाचनाची आवड आणि थोडी चिकाटी यांपलीकडे कसलीही पात्रता नव्हती. या क्षेत्रात येणाऱ्याकडून आजही तेवढीच अपेक्षा आहे. तुमचे स्वागत आहे.