पडद्याच्या दोन बाजू : पुण्यातील चित्रपट-मंडळांविषयी

गणेशोत्सवात रस्त्याच्या मधोमध पांढरे कापड ताणून दाखवलेले चित्रपट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना एक गोष्ट सांगावी लागणार नाही. पडद्याला दोन बाजू असत. यंत्राच्या बाजूला जागा मिळाली नाही की मंडळी पलीकडे जाऊन बसत, आणि तेथून चित्र उलटे दिसे. नायक डावखुरा होई, दुकानांच्या पाट्या उजवीकडून डावीकडे धावत. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कथा कळत होती, गाणी ऐकू येत होती, आणि शेजारी कोण बसले आहे हे दिसत होते, एवढे पुरेसे असे.

याच गावात, याच काळात, जवळजवळ तसेच यंत्र एखाद्या संस्थेच्या सभागृहात लावलेले असे. तेथे वर्गणी भरलेले सभासद ओळखपत्र दाखवून आत येत आणि इटालियन किंवा जपानी चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह पाहत. साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापक ज्या परंपरेचा अभिमानाने उल्लेख करतात, ती ही दुसरी. पहिलीचा इतिहास कोणी लिहिण्याच्या फंदात पडत नाही. या दोन पडद्यांत नाते काय होते आणि त्यांच्यात भिंत कशी उभी राहिली, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

दोन्हीकडचे यंत्र सारखे असण्याचे कारण तांत्रिक आहे. चित्रपटगृहात चालणारी ३५ मिलिमीटरची फीत १९५०च्या सुमारापर्यंत बहुधा नायट्रेटची असे, आणि नायट्रेट भडकन पेट घेते. त्यामुळे अग्निरोधक खोली आणि परवाने आवश्यक ठरत. कोडॅकने १९२३ साली आणलेली १६ मिलिमीटरची फीत मात्र सहजी न पेटणाऱ्या अ‍ॅसिटेटची होती आणि तिचे यंत्र दोन माणसांना उचलून नेता येई. चित्रपट शाळेत, वसतिगृहात, चौकात जाऊ शकला तो या लहान फितीमुळे. ती मिनिटाला ३६ फूट या वेगाने धावते, म्हणजे १६०० फुटांचे मोठे रीळ सुमारे ४४ मिनिटे चाले. यंत्र एकच असले की रीळ संपताच दिवे लागत आणि दुसरे रीळ चढेपर्यंत लोक बोलत. महाविद्यालयातील एका तासिकेइतका चित्रपट आणि त्यानंतर सक्तीची चर्चा, अशी ही व्यवस्था कोणत्याही अभ्यासमंडळाने आखलेली नव्हती.

हे सारे पुण्यात इतके रुजले, याचा उगम प्रभात फिल्म कंपनीत आहे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात १९३३ मध्ये पुण्यात आली. १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ने तिचे नाव व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोहोचवले. कंपनी बंद पडल्यानंतर तिच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. एका बाजूला फर्ग्युसनपासून सुरू होणारी महाविद्यालयांची रांग, दुसऱ्या बाजूला चित्रपट शिकवणारी आणि जपणारी अशा दोन संस्था, आणि मध्ये सायकलवरून दहा मिनिटांचे अंतर. असा योग भारतातल्या दुसऱ्या विद्यानगरीला क्वचितच लाभला असेल.

फिल्म सोसायटी ही कल्पना मात्र बाहेरून आली होती. लंडनची फिल्म सोसायटी १९२५ साली स्थापन झाली, तेव्हा बर्नार्ड शॉ आणि एच. जी. वेल्स यांच्यासारखे लेखक तिच्याशी जोडलेले होते. आयझेनस्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेम्किन’च्या जाहीर प्रदर्शनावर ब्रिटनमध्ये बंदी असताना, १९२९ मध्ये या सोसायटीने तो सभासदांना दाखवला. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, तिचाही आरंभ याच चित्रपटाने झाला. १९५९ मध्ये देशातील सोसायट्यांचा महासंघ बनला आणि राय त्याचे अध्यक्ष झाले. जे सर्वांना दाखवता येत नाही ते निवडकांना दाखवायचे, ही प्रथा अशी या चळवळीच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर आली.

पुण्यात या कल्पनेला अध्यापनाची जोड देणारे गृहस्थ म्हणजे सतीश बहादूर. आग्र्यात अध्यापन करत असतानाच ते तेथे फिल्म सोसायटी चालवीत. १९६३ मध्ये ते फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आले. आयझेनस्टाइनच्या चरित्रकार मेरी सीटन यांच्यासह त्यांनी चित्रपट वाचायचा कसा हे शिकवण्याची पद्धत येथे घडवली. एखादी कविता ओळीओळीने फोडून दाखवावी तसे ‘पथेर पांचाली’चे दृश्य ते चित्रचौकटींनी फोडून दाखवत. इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय मिळून उन्हाळ्यात जे अभ्यासवर्ग घेत, त्यांत महाराष्ट्राबाहेरचेही अध्यापक येत. संग्रहालयाची धुरा सांभाळणारे पी. के. नायर (ते १९९१ मध्ये निवृत्त झाले) अंधारात बसून वहीत नोंदी करत. कोणत्या रिळात कोणते दृश्य आहे, हे त्यांना तोंडपाठ असे.

या अभ्यासाला मराठीत ‘चित्रपट रसास्वाद’ म्हणतात. शब्द सहज रुळला, पण त्याने काय केले याकडे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. मूळ इंग्रजी संज्ञेत गुण ओळखणे, मूल्य जाणणे हा अर्थ आहे. ‘रसास्वाद’ म्हटले की सारे काव्यशास्त्र मागोमाग येते. त्या शास्त्रात आस्वादक हा ‘सहृदय’ असतो, आणि काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याचा मनोदर्पण स्वच्छ झाला आहे तोच सहृदय, असे अभिनवगुप्त मानतो. म्हणजे रसास्वाद सर्वांना खुला आहे, पण त्यासाठी सराव हवा. सराव ही मिळवता येणारी गोष्ट आहे, जन्माने लाभणारी नव्हे. हा अर्थ गंभीरपणे घेतला असता, तर चौकातल्या पडद्यासमोर बसलेल्यांना सरावाची संधी कशी मिळेल, हा प्रश्न चित्रपट-मंडळांना पहिल्या दिवसापासून पडायला हवा होता.

तो पडला नाही याला आळस किंवा अहंकार एवढेच कारण नव्हते. कायद्याचाही त्यात हात होता. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने जाहीर प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र आवश्यक केले आणि सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला. त्या अधिकारातून फिल्म सोसायट्यांना सवलत मिळाली, ती खेळ सभासदांपुरता असेल या अटीवर. दार उघडले की सवलत संपली. १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाची पूर्वतपासणी वैध ठरवली. चित्रपट इतर कलांपेक्षा भावना अधिक खोलवर ढवळतो, असे त्यामागील एक कारण होते. कादंबरीला प्रकाशनापूर्वी असे प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही. म्हणजे राज्यसंस्थेच्या लेखी वाचक हा प्रौढ, चित्रपटाचा प्रेक्षक अजाण, आणि फिल्म सोसायटीचा सभासद हा वाचकाच्या पंक्तीला बसवलेला प्रेक्षक. ही पंक्ती मंडळांनी मागून घेतली आणि मिळाल्यावर तिच्यात ती सुखाने बसली.

या सवलतीचा एक गमतीदार परिणाम सर्वांना ठाऊक असूनही कार्यवृत्तांत येत नाही. न कापलेले युरोपीय चित्रपट पाहायला मिळतात म्हणून सत्तरच्या दशकात देशभर अनेक मंडळांचे सभासद वाढले, आणि पूर्व युरोपातील शेतकी-सुधारणांवरील चित्रपटाच्या दिवशी खुर्च्या रिकाम्या राहिल्या. यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्या समाजात प्रौढांना प्रौढ मानले जात नाही, तेथे प्रौढपण असे मागच्या दाराने शोधले जाणारच. मात्र पुढच्या दारावर ‘अभिरुची’ अशी पाटी लावून त्या शोधाला बाहेरच्यांपेक्षा श्रेष्ठ ठरवणे, हे काही खरे नव्हे.

दुसरी भिंत भाषेची. जपानी चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांतून पाहायचा आणि त्यावरची चर्चाही निम्मी इंग्रजीतून करायची, हा येथील रिवाज होता. जिल्ह्याच्या गावातून शिकायला आलेला मराठी माध्यमाचा विद्यार्थी उपशीर्षक वाचून होईपर्यंत पुढचे दृश्य आलेले असे. त्याला वाटे, आपल्याला चित्रपट कळत नाही. खरे तर त्याला इंग्रजी वाचायला वेळ लागत होता, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्याला सांगणारे कोणी नव्हते. तंबूतल्या सिनेमात जत्रेच्या रात्री त्याच्याच आईवडिलांनी संपूर्ण चित्रपट विनासायास पचवलेला असे.

यापेक्षा वेगळे काही शक्य नव्हते, असे मात्र म्हणता येत नाही, कारण ते एके ठिकाणी घडले. कर्नाटकातील सागर तालुक्यातल्या हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांची ‘नीनासम’ ही संस्था १९४९ पासून नाटके करत होती. १९७३ साली तिने चित्रसमाज सुरू केला आणि १९७७ मध्ये गावकऱ्यांसाठी जागतिक अभिजात चित्रपटांचा महोत्सव भरवला. फिती पुण्याच्या संग्रहालयातल्या, पद्धत सतीश बहादूरांची, समजावणी मात्र कन्नड. नायर यांच्यावरील ‘सेल्युलॉइड मॅन’ या २०१२च्या माहितीपटात तेथील शेतकरी त्या चित्रपटांबद्दल बोलताना दिसतात. सुपारीच्या बागेत राबणारी माणसे सहृदय होऊ शकतात याचा पुरावा मागणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. पुण्याच्या यशाचा हा सर्वांत मोठा दाखला पुण्यापासून शेकडो मैलांवर असावा, यात पुण्याचे कौतुक आहे आणि त्याला टोचणीही आहे.

मराठीच्या पदरी काही पडले नाही, असे आम्हाला सुचवायचे नाही. मुंबईत १९६८ साली सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळाने सुधीर नांदगावकर यांच्या पुढाकाराने मराठीतून चित्रपटचर्चा घडवली आणि ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिक चालवले. पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्यांनी युक्त ही सहकारी संस्था काढून १९७६ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ पडद्यावर आणला. अरुण खोपकर यांचे १९८५ सालचे ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे पुस्तक तर मराठी समीक्षेच्या विद्यार्थ्याने चित्रपटाचे म्हणून नव्हे, समीक्षेचे म्हणून वाचावे असे आहे. लोकप्रिय हिंदी चित्रपट इतक्या बारकाईने वाचता येतो, हे त्याने दाखवले. म्हणजे सभागृहात कमावलेली नजर चौकातल्या पडद्याकडे वळली. भिंतीला पडलेली ती एक खिडकी होती.

पुढे भिंतीचे प्रयोजनच ओसरत गेले. १९७३ मध्ये दूरदर्शन पुण्यात पोहोचले, ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला, नंतर तबकड्या आणि आता आंतरजाल. आज कोणताही विद्यार्थी कुरोसावाचा चित्रपट भ्रमणध्वनीवर पाहू शकतो. २००२ पासून पुण्यात आंतरराष्ट्रीय महोत्सवही भरतो आणि त्याच्या रांगा लांब असतात. याच काळात गमावलेलेही थोडे नाही. जानेवारी २००३ मध्ये इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठाराला आग लागून जुन्या नायट्रेट फिती नष्ट झाल्या. २०१४ च्या अखेरीस अप्पा बळवंत चौकाजवळचे प्रभात चित्रपटगृह या नावाने चालायचे थांबले. २०२२ मध्ये संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले.

चित्रपट सर्वांच्या हाती आला, तेव्हा खरे तर आनंद व्हायला हवा. तो होतोही. पण वर्गात विचारावे, तर बहुतेकांनी चित्रपटाचे तुकडे पाहिलेले असतात, एकट्याने पाहिलेले असतात आणि कोणाशी न बोलता पाहिलेले असतात. बंद दाराआडच्या मंडळांत दोष पुष्कळ होते, तरी एक गोष्ट तेथे आणि चौकात, दोन्हीकडे समान होती. पाहणे सोबतीने होत असे, आणि रीळ बदलताना दिवे लागले की शेजाऱ्याचा चेहरा दिसे. तो हसला होता की रडला होता, हे कळे. आपल्या मताला पहिला धक्का तेथेच बसे.

म्हणून साहित्याच्या विभागांना आमचे सांगणे साधे आहे. कादंबरी आणि तिचे चित्रपटरूप असा अभ्यासक्रमातला मथळा शिकवून होतो, पण चित्रपट दाखवलेला नसतो, कारण दोन तासांचा चित्रपट पन्नास मिनिटांच्या तासिकेत बसत नाही. तो तीन भागांत बसतो. प्रत्येक भागानंतर दिवे लावावेत. बोलणे मराठीत व्हावे, उपशीर्षके कोणीतरी मोठ्याने मराठीत सांगावीत, आणि दार उघडे ठेवावे. प्रमाणपत्र मिळालेल्या उत्तम चित्रपटांचा आज तुटवडा नाही. वसतिगृहाचा स्वयंपाकी, ग्रंथालयातला शिपाई, शेजारच्या वाणिज्य शाखेची मुले आत येऊन बसली तर त्यांना नावे विचारू नयेत. खुर्च्या संपल्या, तर पडद्याच्या मागे जागा असतेच.