झील कोण धरणार?



आपल्या समाजाचा इतिहास जेवढा कागदावर आहे, त्याहून जास्त गळ्यात आहे. लिहिता-वाचता येणारे मूठभर होते, तेव्हा बाबासाहेबांचा विचार वाडीवस्तीवर पोचवला तो गाणाऱ्यांनी.

ही वाट सत्यशोधकांनी पाडली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि पुढं त्याचे जलसे गावोगाव फिरले. आपल्या कोल्हापुरात समाजाची शाखा १९११ ला निघाली. १९२० च्या माणगाव परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांना आपला पुढारी माना, असं सांगितलं. नंतर नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. ढोलकी, तुणतुणं तमाशाचंच. पण देवस्तुती आणि शृंगार गेला. त्याजागी पोरं शाळेत घाला, मेलेलं ढोर ओढू नका, हे आलं. एकजण गायचा, चौघे झील धरायचे आणि घरी जाताना सारी वस्तीच ते गुणगुणायची.

बायाबापड्यांनी जात्यावरच्या ओवीत भीमराव आणला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गोळा केलेल्या लाखाच्या वर ओव्यांत बाबासाहेबांवरच्याही आहेत. पिठाच्या गिरण्या आल्या, जातं थांबलं, तशी ओवीही थांबली.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घराघरात त्रिशरण-पंचशील आलं. मुंबईत गिरणीत राबलेल्या वामनदादा कर्डकांची गाणी ओठावर बसली. पुढं कॅसेटी निघाल्या. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज झोपडीत पोचला, हे मोठंच काम झालं. पण तिथूनच आपण गाणारे कमी आणि ऐकणारे जास्त झालो. आता जयंतीला डीजेच्या भिंतीपुढं शेजारच्याचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही.

आम्ही सूतगिरणीतली माणसं. साच्यांच्या खडखडाटात एकट्याची हाक पोचत नाही. चौघांनी मिळून दिली तर मुकादम वळून बघतो. जलशानं आपल्याला हेच शिकवलं. ज्यांना चावडीपुढं तोंड उघडायची बंदी, ती माणसं एका सुरात बोलायला लागली.

सगळ्यांनी मिळून तोंड उघडायची जागा आज विहारातली वंदनाच उरली आहे. तिथंही पुष्कळजण नुसते ओठ हलवतात. म्हणून आमचं सांगणं एवढंच, की दर पौर्णिमेला वंदनेनंतर वस्तीतल्या एखाद्या आजीनं एक जुनं गाणं म्हणावं आणि पोरांनी झील धरावी. त्याला पैसा लागत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!