ऊसतोडीतील इजा व अपघात (अहिल्यानगर जिल्हा)

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला. तरी आजही याच जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव या कोरडवाहू तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ऊस बुडातून तोडावा लागतो. वाकून मारलेला कोयता निसटला की नडगी फुटते, नाहीतर ऊस धरलेल्या हाताची बोटे सापडतात. पाचटात साप असतो. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवर चढताना पाय घसरतो. या फळीवर गरोदर बायाही चढतात, हे नोंदवलेच पाहिजे. तोडीच्या बोलीत ‘कोयता’ म्हणजे मजुरांचे जोडपेही. एक जायबंदी झाला की दोघांचे काम थांबते, ‘खाडा’ (गैरहजेरीचे पैसे) कापला जातो, आगाऊ घेतलेली उचल अंगावर राहते. भरती मुकादम या मध्यस्थामार्फत होत असल्याने भरपाईचा दावा ‘मालक कोण’ या प्रश्नापाशीच अडतो.