१८२९ चा वर्ग

शाळेचा हीरकमहोत्सव जवळ आला की माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरू लागतात. इतिहासाच्या अभ्यासकाला अशा वेळी या प्रथेचे मूळ शोधावेसे वाटते. गुरुबंधूंचे नाते आपल्याकडे प्राचीन आहे. तथापि एकाच वर्षी पदवी घेतलेल्यांनी आपल्यातून एक चिटणीस नेमावा, यादी ठेवावी, ठरावीक काळाने एकत्र जेवावे आणि हा क्रम वार्धक्यापर्यंत चालवावा, ही रीत अमेरिकेतील जुन्या महाविद्यालयांत आकारास आली. तिच्या पहिल्या संघटनेचा जन्म एका संकटातून झाला.

मॅसॅच्युसेट्सच्या वायव्य कोपऱ्यात, डोंगराळ भागात विल्यम्स महाविद्यालय १७९३ साली स्थापन झाले. जागा आडवळणाची असल्याने विद्यार्थी मिळेनात. १८२१ साली खुद्द अध्यक्ष झेफनाया स्विफ्ट मूर यांनीच, ही संस्था येथे तग धरणार नाही असे मानून, ॲमहर्स्ट येथील नव्या महाविद्यालयाची वाट धरली. त्यांच्यामागोमाग काही विद्यार्थीही गेले. महाविद्यालय आता बंद पडणार अशी चर्चा सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमधील पदवीदान समारंभास आलेल्या जुन्या पदवीधरांनी एकत्र येऊन माजी विद्यार्थ्यांची सभा स्थापन केली. अखंड चालू असलेली ही जगातील सर्वांत जुनी माजी विद्यार्थी संघटना समजली जाते. ॲमहर्स्ट आजही आहे आणि विल्यम्सही आहे. मराठी माध्यमाच्या शाळांची पटसंख्या घटत असल्याच्या आजच्या काळात, आणि त्यातही महाराष्ट्राबाहेर शाळा चालविणाऱ्यांनी, हा प्रसंग सावकाश वाचावा असे मला वाटते.

संपूर्ण संस्थेच्या संघटनेहून 'वर्ग' हा घटक मात्र अधिक चिवट ठरला. त्याचे कारण तेव्हाच्या शिक्षणक्रमात सापडते. चार वर्षे सर्वांना बहुतेक तेच विषय, तोच ग्रीक-लॅटिनचा पाठ, तीच प्रार्थना. त्यामुळे पदवीचे वर्ष हे जणू आडनावच होऊन बसे. पुढे हार्वर्डमध्ये अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी ऐच्छिक विषयांची पद्धत रुजविली, तेव्हा हे सहजीवन बरेच विरळ झाले. ज्ञानाच्या दृष्टीने ती सुधारणा आवश्यक होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण एकाच बाकावर बसून एकाच धड्याचा कंटाळा केलेल्यांची मैत्री काही निराळीच असते!

हार्वर्डचा १८२९ चा वर्ग हे याचे उत्तम उदाहरण. सुमारे साठ तरुणांचा तो वर्ग. वैद्यकाचे प्राध्यापक आणि साहित्यिक ऑलिव्हर वेंडेल होम्स, गणितज्ञ बेंजामिन पर्स, पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झालेले बेंजामिन कर्टिस, जगातील धर्मांवर ग्रंथ लिहिणारे धर्मोपदेशक जेम्स फ्रीमन क्लार्क आणि १८३१ साली प्रथम गायिल्या गेलेल्या 'अमेरिका' या देशभक्तिपर गीताचे कर्ते सॅम्युएल फ्रान्सिस स्मिथ, हे सारे त्यात होते. हे वर्गमित्र हिवाळ्यात बॉस्टन येथे भोजनासाठी जमत. १८५१ पासून १८८९ पर्यंत होम्स यांनी या मेळाव्यांसाठी कविता रचिल्या. १८५९ सालच्या 'द बॉइज' या कवितेत पन्नाशी गाठलेल्या या प्रतिष्ठितांना त्यांनी पोरे ठरविले आहे. गणितज्ञाची, न्यायाधीशाची, गीतकाराच्या अगदी सामान्य आडनावाची, सर्वांची थट्टा तीत आहे. ज्यांना जग अदबीने 'महोदय' म्हणते, त्यांना शाळकरी टोपणनावाने हाक मारणारा कोणीतरी लागतो. ते काम वर्गमित्रच करू जाणे.

हा वर्ग एका विचाराचा मुळीच नव्हता. कर्टिस यांनी पळून गेलेल्या गुलामांना परत धन्याच्या स्वाधीन करणाऱ्या १८५० च्या कायद्याचे समर्थन केले होते. त्यांचे वर्गमित्र सॅम्युएल मे हे गुलामगिरीविरोधी चळवळीचे पूर्णवेळ कार्यकर्ते. पुढे १८५७ साली, कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणाऱ्या ड्रेड स्कॉट खटल्याच्या निकालाशी असहमती नोंदवून कर्टिस न्यायासनावरून पायउतार झाले. देशाचे दोन तुकडे होण्याची वेळ आली, यादवी युद्ध पेटले, तरी या वर्गासाठी लिहिल्या जाणाऱ्या कवितांचा क्रम तुटला नाही.

होम्स यांचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. मला अधिक आदर वाटतो तो मे यांच्याविषयी. वर्गाचे चिटणीसपद त्यांच्याकडे होते. कोण आले, कोण आजारी आहे, कोण गेले, हे त्यांनी टिपून ठेवले. क्लार्क १८८८ साली निवर्तले. पुढच्या वर्षी होम्स यांनी आपली अखेरची वर्गकविता वाचली. त्यानंतर एकदा मेळावा झाला, त्यास तिघेच उपस्थित होते : होम्स, स्मिथ आणि मे. त्या संध्याकाळी कविता नव्हती. आज आपण हे सांगू शकतो ते मे यांच्या टिपणांमुळे.

वार्धक्यातील माजी विद्यार्थ्यांचा मान राखण्याची रीत प्रिन्स्टन विद्यापीठाने मोठ्या थाटात जपली आहे. तेथील वार्षिक मिरवणुकीत पदवीला पासष्टाहून अधिक वर्षे झालेल्यांचे वेगळे पथक असते, आणि परत आलेल्यांपैकी सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीच्या हाती १९२३ च्या वर्गाने दिलेली काठी सोपविली जाते.

आतापर्यंतची सारी नावे पुरुषांची आली, कारण ही महाविद्यालये तेव्हा पुरुषांचीच होती. स्त्रियांच्या बाबतीत माजी विद्यार्थिनींशी संपर्क ठेवण्याला वेगळाच अर्थ होता. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी १८८१ साली आपल्या पदवीधर स्त्रियांना प्रश्नावली पाठविली. आपण व्यवसाय करता काय, प्राप्ती किती, वैद्यकाच्या अभ्यासाचा संसारावर काय परिणाम झाला, असे रोखठोक प्रश्न होते. स्त्रिया शिकतात आणि मग घरी बसतात, या आक्षेपाला त्यांनी आलेल्या उत्तरांनी उत्तर दिले. याच महाविद्यालयातून १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी पदवीधर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली आपला 'द हाय कास्ट हिंदू वूमन' हा ग्रंथ आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केला. त्याच्या प्रस्तावनेत आनंदीबाईंची कहाणी सांगणाऱ्या लेखिका होत्या बॉडली. इतक्या अल्पायुषी विद्यार्थिनीची आठवण सातासमुद्रापलीकडे जतन झाली, कारण तेथे माजी विद्यार्थिनींची वास्तपुस्त ठेवण्याची सवय होती.

आपल्यासारख्या शाळेपुढे अडचणी वेगळ्या आहेत. रेल्वे, लष्कर, बँका यांच्या बदल्यांमुळे येथे आलेली कुटुंबे पुन्हा बदलीनेच गेली. प्रवेशाच्या नोंदवहीत पत्ता आहे तो सरकारी निवासस्थानाचा, आणि तेथे आता दुसरेच कोणी राहते. विद्यार्थिनींचे शोधकार्य तर याहून कठीण, कारण विवाहानंतर आडनाव बदलते, कित्येकींचे पहिले नावही बदललेले असते. अमेरिकन महाविद्यालयांच्या याद्यांत माहेरचे आडनाव सासरच्या नावाबरोबर छापतात. या अंकाच्या अखेरीस दिलेल्या वर्गनिहाय सूचीतही आम्ही तीच पद्धत अवलंबिली आहे. जुन्या वर्गांपुढील बऱ्याच जागा कोऱ्या आहेत. त्या भरण्यासाठी प्रत्येक वर्गातून एक चिटणीस हवा आहे. त्याला कविता करता आली नाही तरी चालेल.