न तापवता उकळणारं पाणी

एप्रिल लागला की यवतमाळच्या काळ्या पाषाणातल्या विहिरी तळाला जातात आणि काठावरच्या मोटारीचा आवाज बदलतो. आत गिट्टी टाकल्यासारखा खडखडाट, धार बारीक. मोटारीनं हवा घेतली म्हणत फुटव्हॉल्व्ह, पाइपाचे जोड तपासले जातात. बरेचदा दोष तिथेच सापडतो. जोड पक्के असूनही खडखड चालूच असेल, तर मात्र आत हवा नाही, वाफ आहे.

मोटेला हा रोग नव्हता. बैल पाणी खरोखरच ओढून आणत. पंप पाइपातला दाब फक्त कमी करतो, पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. तिची ताकद तोरिचेल्लीनं १६४४ साली सांगितली: समुद्रसपाटीला पाण्याचा साधारण १०.३ मीटर स्तंभ. यवतमाळच्या उंचीवर त्यातला अर्धा मीटर जातो, पाइपातल्या घर्षणात आणखी. हाती उरतात सहा-सात मीटर. पाणी त्याखाली गेलं की पंपातल्या पंख्याच्या तोंडाशी दाब इतका पडतो की साध्या पाण्याला उकळी फुटते. ३० अंशांच्या पाण्याला त्यासाठी हवेच्या नेहमीच्या दाबाचे चार टक्के पुरतात.

या वाफेचे बुडबुडे धातू खातात ते मिटताना. पुढे दाब वाढताच ते मिटतात आणि पात्याला बारीक खड्डे पडतात. बुडबुडा मिटताना किती प्रचंड दाब उठतो, याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं.

पण हा रोग आधी गाजला तो समुद्रात. १८९४ साली ‘डेअरिंग’ या ब्रिटिश युद्धनौकेला ठरलेला वेग गाठता येईना. पंख्याची पाती रुंद केल्यावर तो मिळाला. ‘कॅव्हिटेशन’ हे नाव आर. ई. फ्रूड यांनी सुचवलं. आपल्या ‘टर्बिनिया’ या जहाजावर तसंच अडलेल्या चार्ल्स पार्सन्स यांनी १८९५ मध्ये बुडबुडे डोळ्यांनी पाहण्यासाठी छोटा बंदिस्त जलमार्गच बनवला. शेवटी एका पंख्याऐवजी तीन दांड्यांवर नऊ पंखे बसवले. मला हा माणूस आवडतो: आधी पाहिलं, मग बदललं.

विहिरीवरचा इलाज सोपा आहे. मोटार खाली उतरवून पाण्याजवळ बसवायची. ते जमेपर्यंत डिलिव्हरीचा कॉक थोडा आवळायचा: पाणी कमी येतं, पण पंख्याच्या तोंडाशी दाब सावरतो. सक्शनकडचा कॉक मात्र कधीच आवळू नये. त्यानं खडखड वाढते.