डब्लिनहून एका दिवसात समुद्र : कुठे जाता येते आणि कुठे व्हिसा आडवा येतो?

आयर्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर सूर्य दिसला की एकच विषय निघतो : शनिवारी कुठे जायचे? देश लहान, चारही बाजूंनी पाणी. त्यामुळे सकाळी निघून रात्री परत असे बेत सहज जमतात. पण नकाशावर जवळ दिसणारे प्रत्येक ठिकाण तितके सोपे नसते. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांसाठी तर एक प्रसिद्ध ठिकाण दुसऱ्याच देशात आहे.

लोकल पकडा, समुद्र गाठा

डब्लिनची लोकल म्हणजे ‘डार्ट’. 1984 मध्ये सुरू झालेली ही विद्युत रेल्वे उत्तरेला होथ आणि मॅलाहाइडपासून दक्षिणेला ब्रे आणि ग्रेस्टोन्सपर्यंत किनारा धरून धावते. सुट्ट्या तिकिटापेक्षा लीप कार्ड स्वस्त पडते.

होथला शहरातून अर्धा तास पुरतो. (नकाशावरचे स्पेलिंग पाहून ‘हाउथ’ म्हटले जाते, स्थानिक लोक ‘होथ’ म्हणतात.) बंदरात मासेमारीच्या बोटी, त्यांच्याभोवती घुटमळणारे सील आणि मागे कड्यावरची पायवाट. साधारण 6 किलोमीटरचा फेरा मारला की समोर ‘आयर्लंड्स आय’ हे ओसाड बेट आणि पुढे बेली दीपगृह दिसते. पहिल्यांदाच जाणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

दक्षिणेकडे निघाल्यास डन लीरी लागते. नावाचे स्पेलिंग आणि उच्चार यांचा फारसा मेळ नाही, म्हणून स्टेशन चुकते. आयर्लंडचा पहिला रेल्वेमार्ग 1834 मध्ये डब्लिनहून इथवर आला. तेव्हा गावाचे नाव किंग्जटाउन होते. पुढच्याच सँडीकोव्ह भागात ‘फॉर्टी फूट’ ही खडकांमधली पोहण्याची जागा आहे. 1970 च्या दशकापर्यंत तिथे फक्त पुरुष पोहत. महिलांनी आंदोलन करून ती मक्तेदारी मोडली. शेजारच्या गोल बुरुजात जेम्स जॉइस 1904 मध्ये काही दिवस राहिला होता आणि ‘युलिसिस’ कादंबरी तिथेच सुरू होते. आता तिथे संग्रहालय आहे.

पुढे किलिनीचा उपसागर खिडकीतूनच दिसतो. जाताना डाव्या बाजूला बसावे. ब्रे ते ग्रेस्टोन्स हा टप्पा इसाम्बार्ड ब्रुनेल या इंजिनिअरने कड्याच्या अंगावरून नेला. समुद्र डोंगर खात असल्यामुळे रूळ वारंवार आत सरकवावे लागले. या दोन गावांमधली कड्यावरची पायवाट जुन्या ब्लॉगमध्ये हमखास सुचवलेली असते. मात्र दरडी कोसळल्यामुळे ती 2021 मध्ये बंद करण्यात आली. जाण्यापूर्वी विकलो काउंटी परिषदेची सूचना पाहावी. ब्रे हेडच्या माथ्यावर चढून जाणे हा चांगला पर्याय आहे.

पाणी शांत दिसते, पण...

उन्हाळ्यातही इथले पाणी 15 अंशांच्या आसपास असते. अचानक उडी मारली तर श्वास अडकतो, हातपाय चालेनासे होतात. म्हणून हळूहळू उतरावे, एकट्याने जाऊ नये. जीवरक्षक फक्त उन्हाळ्यात आणि ठरावीक किनाऱ्यांवरच असतात. भरती-ओहोटी मुंबईकरांना नवी नाही, पण सँडीमाउंटची वाळू इतकी सपाट आहे की ओहोटीत दूरवर चालत गेलेल्यांच्या मागून पाणी भरते. अडचण आली तर 112 किंवा 999 वर फोन करून ‘कोस्ट गार्ड’ मागावा.

मोहरचे कडे : एका दिवसात?

होते, पण दमछाक होते. 214 मीटरपर्यंत उंच असलेले हे कडे पश्चिमेला क्लेअर काउंटीत आहेत. डब्लिनहून एका बाजूचा प्रवास साडेतीन तासांच्या आसपास. पहाटे निघणाऱ्या पर्यटक बसमध्ये दिवसाचा मोठा भाग प्रवासातच जातो, आणि धुके असले तर कडा दिसतही नाही. गॉलवेला मुक्काम करणे अधिक शहाणपणाचे. फोटोसाठी कुंपणापलीकडे मात्र जाऊ नये. तिथे माणसे खाली पडून मेली आहेत.

जायंट्स कॉजवे : खरी अडचण इथे

सुमारे 40 हजार बेसाल्टच्या खांबांचा हा किनारा अँट्रिम काउंटीत आहे. लाव्हा थंड होताना आक्रसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या, त्यातून हे खांब बनले. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांबही याच प्रक्रियेने तयार झाले. 1986 पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे. पण अँट्रिम उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या अखत्यारीत येते.

गोंधळ इथे होतो. सीमेवर चौकी नाही, नेहमीची पासपोर्ट तपासणी नाही. किलोमीटरच्या पाट्या जाऊन मैलांच्या येतात, एवढाच फरक. मात्र सामायिक प्रवास क्षेत्राची मुभा फक्त आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांना आहे. आयरिश निवास परवाना असलेल्या भारतीय विद्यार्थ्यालाही ब्रिटनचा व्हिसा लागतो. बसमध्ये अधूनमधून तपासणी होते. व्हिसा नसताना सापडल्यास तो बेकायदा प्रवेश ठरतो आणि पुढच्या व्हिसा अर्जांना अडसर होऊ शकतो. भेटीला आलेल्या आईवडिलांकडे एकाच प्रवेशाचा आयरिश व्हिसा असेल तर सीमेपलीकडे जाताच तो वापरून संपतो, आणि परत येण्यासाठी नवा लागतो.

अपवाद एकच. पर्यटक व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ असा शिक्का असेल तर ब्रिटन आणि आयर्लंड या दोन्ही देशांत फिरता येते. भारतीयांसाठी ही सोय 2015 पासून आहे. ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरावे लागते.

डनिगॉलचे मॅलिन हेड हे बेटाचे अगदी उत्तर टोक, पण ते आयर्लंड प्रजासत्ताकातच आहे, तिथे वेगळा व्हिसा लागत नाही. फक्त डब्लिनहून तिकडे जाणारा सरळ रस्ता आणि त्यावरची बस मध्ये उत्तर आयर्लंडमधून जाते. ते टाळायचे तर स्लायगोमार्गे जावे. वेळ जास्त लागतो, त्यामुळे हा बेत एका दिवसाचा उरत नाही.