खानदेशच्या गाठीवरचे दोन आणे

१/
मालाची फी व्यापाऱ्याने भरायची असे कायदा सांगतो. पण ती खरोखर कोणाच्या खिशातून जाते? हा प्रश्न खानदेशच्या कापसाइतकाच जुना आहे. 🧵

२/
रेल्वे आली आणि भुसावळ जंक्शन झाले. खानदेशातील कापूस जिनिंग-प्रेसिंगमधून गाठी होऊन मुंबईच्या गिरण्यांकडे व बंदराकडे जाऊ लागला. शेतकऱ्याचा संबंध मात्र गावचा सावकार किंवा बाजारचा अडत्या यांच्यापाशीच संपे.

३/
१९२३ मध्ये ‘भारतीय कापूस उपकर कायदा’ झाला. निर्यात होणाऱ्या किंवा गिरणीत वापरल्या जाणाऱ्या ४०० पौंडांच्या प्रत्येक गाठीवर दोन आणे उपकर बसला. पहिली तीन वर्षे हा दर चार आणे होता. उपकर भरायचा तो निर्यातदाराने व गिरणीमालकाने. शेतकऱ्याकडे कोणी वसुलीस जाणार नव्हते.

४/
हा पैसा भारतीय मध्यवर्ती कापूस समितीकडे जाई. त्यातून १९२४ मध्ये मुंबईत माटुंग्याला कापसाची तंत्रप्रयोगशाळा उभी राहिली. मर रोगास तोंड देणाऱ्या वाणांच्या संशोधनासही या निधीचे बळ मिळाले. खानदेशचे ‘जरीला’ वाण पुढे इतके रुजले की मुंबईच्या वायदेबाजारात त्याच्या नावाने भाव बोलला जाऊ लागला.

५/
शेतकरी कर्ज कोठून काढतो आणि कापूस कसा विकतो, याच्याही पाहण्या समितीने १९२५ नंतर करविल्या. त्यांत खानदेश होता. म्हणजे गाठीवरच्या दोन आण्यांनीच गाठीमागच्या माणसाची चौकशी केली.

६/
चौकशीची गरज उघड होती. अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय अशा नाना कपाती शेतकऱ्याच्या पट्टीतून होत. सौदा रुमालाखाली बोटांनी ठरे आणि मालाच्या धन्यालाच भाव कळत नसे. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली.

७/
वऱ्हाडात असे बाजार १८९७ च्या कायद्याने आधीच आले होते. मुंबई इलाख्यात कापूस बाजार कायदा १९२७ चा. त्याखालील प्रारंभीच्या बाजारांत धुळ्याचा समावेश होतो.

८/
आजच्या बाजार समित्या १९६३ च्या महाराष्ट्र कायद्यावर उभ्या आहेत. बाजार फी खरेदीदाराकडून घ्यावी, असे त्याचे कलम ३१ सांगते. या उत्पन्नातून बाजाराचे आवार व इतर सोयी होतात. समित्यांच्या अंशदानातून पुण्याचे राज्य कृषी पणन मंडळ (१९८४) चालते.

९/
तरीही अडतीचा भार दीर्घकाळ विक्रेत्यावरच राहिला. फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला.

१०/
पावतीवर नाव खरेदीदाराचे असले, तरी तो बोली लावताना फी आधीच वजा धरू शकतो. अशा वेळी भार शेतकऱ्यावरच उतरतो. ते टळते केव्हा? लिलाव उघड असेल, खरेदीदार पुष्कळ असतील आणि फीचा पैसा बाजार सुधारण्यावरच खर्च होईल, तेव्हा. दोन आण्यांपासून आजच्या फीपर्यंत कसोटी हीच राहिली आहे.